केकखालचा फोम बोर्ड: कापायचा कसा, झाकायचा कशाने आणि मुळात वाकतो का

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. दोन मजली केक, खाली १० इंची आणि वर ६ इंची, फाँडंटसकट (म्हणजे केकवर चढवायच्या लाटलेल्या साखरेच्या थरासकट) साधारण ६ किलो. त्याखाली ५ मिलिमीटर जाडीच्या फोम बोर्डाचा १४ इंची गोल, स्वयंपाकघरातल्या सुरीने कापलेला. कडा कुरतडल्यासारख्या निघाल्या, फॉइल लावताना चुण्या पडल्या आणि टेबलावरून उचलताना खालच्या मजल्याच्या फाँडंटला बुडापासून वर जाणारा उभा तडा गेला. तुम्ही विचारताय की कापायला काय वापरावं, चुण्या कशा टाळाव्यात, आणि जाड बोर्ड आणावा की दोन-तीन पातळ बोर्ड एकमेकांना चिकटवावेत.

शेवटचं आधी घेते, कारण खरी अडचण तिथे आहे. खडबडीत कडा रिबनीखाली झाकली जाते, चुण्या बोर्डाच्या खालच्या बाजूला ढकलता येतात. वाकणाऱ्या बोर्डाला मात्र कुठेच लपवता येत नाही. तडा बुडापासून सुरू झाला हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. बोर्ड दोन्ही कडांना धरून उचलला की मध्यभागी वजन असल्यामुळे तो तिथे खाली झोळतो. बोर्ड झोळला की केकचा तळ ताणला जातो. वरून सुकलेला फाँडंट ताण घेत नाही, तो फाटतो, आणि फाटायला सुरुवात होते ती सगळ्यात जास्त ताण असलेल्या जागी, म्हणजे बुडाशी. तडा वरच्या पृष्ठभागावर गेला असता तर मी वेगळं उत्तर दिलं असतं: हात मध्यभागी घालून उचललंत आणि कडा खाली लवल्या, असं. तुमच्याकडे फाँडंटची चूक नाही, बोर्डाची आहे.

फोम बोर्ड म्हणजे दोन कागदांच्या मधे पॉलिस्टायरीनच्या फोमचा थर. बहुतेकांना वाटतं की ताकद फोमची, कागद नुसता गुळगुळीतपणासाठी. आहे उलटं. नुसत्या फोमची तेवढ्याच जाडीची पट्टी हातात घेऊन वाकवून बघा, सहज वाकेल आणि मोडेल. बोर्ड वाकताना वरचा कागद दाबला जातो, खालचा ताणला जातो. या दोघांनी वाकायला नकार दिला म्हणून बोर्ड ताठ राहतो. फोमचं काम एवढंच की दोन्ही कागदांना एकमेकांपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवायचं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं त्यातूनच निघतं. कागद चिरडला, ओला झाला किंवा फोमपासून सुटला, की बोर्ड गेला. मी कापते, चिकटवते, झाकते ते सगळं कागद शाबूत आणि कोरडा राहावा म्हणून.

आता किती थर, ते. हे केकच्या वजनावर, बोर्डाच्या व्यासावर आणि तुम्ही उचलता कसं यावर ठरतं, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असा आकडा देता येत नाही. १० इंची गोलापेक्षा १४ इंची गोलाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट असतं, आणि हात ठेवायच्या जागा एकमेकांपासून जितक्या दूर, तितका बोर्ड जास्त झोळतो. म्हणून ८ इंची बोर्डावर छान काम केलेला ५ मिलिमीटरचा तोच बोर्ड १४ इंचाला लटपटतो. तुमच्या केकसाठी मी ५ मिलिमीटरचे तीन थर लावले असते, किंवा १२ मिलिमीटरच्या आसपासचा जाड बोर्ड मिळत असेल तर तो एक आणि त्याखाली ५ मिलिमीटरचा एक. थर मात्र एकमेकांना पूर्ण चिकटलेले हवेत. नुसते एकावर एक ठेवलेले तीन बोर्ड वाकताना एकमेकांवरून सरकतात आणि प्रत्येक जण आपापला वाकतो. तिघांची ताकद फक्त बेरजेइतकीच. चिकटवले की सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा कागद मिळून एक जाड बोर्ड तयार होतो, आणि जाडी वाढली की ताठपणा बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. चार कोपऱ्यांना चार थेंब गोंद लावून काम भागवणाऱ्यांचे बोर्ड इथेच फसतात.

साहित्याबद्दल एक खुलासा, कारण दुकानात नावांचा गोंधळ असतो. सनबोर्ड म्हणून जो मिळतो तो बहुतेक वेळा पीव्हीसीचा फोम असतो, त्याला कागद नसतो. तो पाणी पीत नाही ही जमेची बाजू. पण कागदी फोम बोर्डाचे नियम त्याला जसेच्या तसे लावू नका, आणि तो तापलेल्या तारेने किंवा गरम सुरीने तर मुळीच कापू नका. पीव्हीसी जळला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो, जो डोळ्यांना आणि श्वासनलिकेला झोंबतो. साधं थर्माकोल तापलेल्या तारेने सुरेख कापलं जातं, तेही खिडक्या उघड्या ठेवून. कागदी फोम बोर्डाला ती तार उपयोगाची नाही, फोम वितळतो आणि कागद तसाच राहतो. त्याला ब्लेडच हवं.

ब्लेड म्हणजे टोक मोडून पुढे सरकवता येतं तसलं कटर. सुरी कितीही धारदार असली तरी तिचं पातं जाड असतं. ती फोम कापत नाही, दोन्हीकडे ढकलते, आणि ढकललेला फोम फाटून दाणे-दाणे होतो. तुमच्या कुरतडलेल्या कडा त्यातूनच आल्या. कटरचं ब्लेडही फोममध्ये वाटतं त्यापेक्षा लवकर बोथट होतं, कारण कागद धार खातो. मला ते आवाजावरून कळतं: नवं ब्लेड जवळजवळ आवाज न करता जातं, बोथट झालं की करकर सुरू होते आणि कापलेल्या फटीतून पांढरे कण बाहेर येऊ लागतात. करकर ऐकू आली की लगेच टोक मोडा. १४ इंचाच्या एका गोलाला मी ते दोन-तीनदा तरी मोडते. ब्लेडचा तुकडा वाचवायच्या नादात अख्खा बोर्ड वाया घालवू नका.

कापायचं तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत फक्त वरचा कागद, अगदी हलक्या हाताने. ही रेघ नीट आली की पुढच्या फेऱ्या आपोआप तिच्यातून जातात. दुसऱ्या फेरीत फोम. तिसऱ्या फेरीत खालचा कागद. एकाच दमात आरपार घालवायला गेलात तर ब्लेडचं टोक खाली पोचेपर्यंत तिरकं झालेलं असतं, आणि वरून गोल दिसणारा बोर्ड खालून लहान किंवा मोठा निघतो. तसे तीन बोर्ड एकावर एक चिकटवले की कडेला पायऱ्या दिसतात, आणि त्या पायऱ्यांवर फॉइल कधीच सपाट बसत नाही. खाली कटिंग मॅट किंवा जाड पुठ्ठा ठेवा. पुठ्ठा नसेल तर तिसऱ्या फेरीत ब्लेडचं टोक टेबलावर घसरतं आणि खालचा कागद कापला जायच्या ऐवजी फाटतो.

सरळ कडेसाठी स्टीलची पट्टी आणि ब्लेड बरंच आडवं, म्हणजे बोर्डाला साधारण ३० ते ४५ अंशांवर. पट्टी धरणारा हात ब्लेडच्या वाटेत कधीच येता कामा नये. गोलासाठी उलट: ब्लेड थोडंच बाहेर काढलेलं आणि बरंच उभं, कारण आडवं ब्लेड वळणावर अडकतं. कटर एका जागी स्थिर ठेवायचं आणि दुसऱ्या हाताने बोर्ड फिरवायचा. सुरुवातीला हे विचित्र वाटतं, पण हात फिरवत राहिलं की मनगट वळतं तसं ब्लेडही कलतं. बोर्ड फिरवला तर कोन बदलत नाही.

गोल आखायला दोरी नको, दोरी ताणली जाते आणि गोलाचा बटाटा होतो. पुठ्ठ्याची एक पट्टी घ्या, एका टोकाला टाचणी, तिच्यापासून ७ इंचांवर पेन्सिलच्या टोकाएवढं भोक. टाचणी बोर्डाच्या मध्यात, पेन्सिल भोकात, आणि पट्टी फिरवा. टाचणीचं भोक ज्या बाजूला पडलं ती खालची बाजू. थेट गोल कापायला जाऊ नका. आधी चौरस काढा, मग त्याचे चार कोपरे सरळ कापून अष्टकोन करा, मग गोलाच्या रेषेबाहेर दोन-तीन मिलिमीटर सोडून गोल, आणि शेवटी रेषेवर. शेवटच्या कापात कडेला फक्त बारीक पट्टी उरलेली असते, ती सहज वळते आणि फोमला ओढत नाही.

कापण्याआधी आणखी एक काम: मोठ्या शीटवर पेन्सिलने एकाच दिशेला बाण काढून ठेवा. कागदाला तंतूंची दिशा असते आणि शीट एका दिशेने दुसऱ्यापेक्षा थोडी जास्त वाकते. गोल कापल्यावर कुठली दिशा कुठली ते कळायला मार्ग उरत नाही. बाण असले की थर चिकटवताना प्रत्येक बाण आधीच्याशी काटकोनात ठेवता येतो.

राहिलेला खडबडीतपणा २२० नंबरच्या सँडपेपरने घासा. सँडपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळा आणि हात कागदाकडून फोमकडे न्या. उलट घासलंत तर कागदाची कड सुटून वर येते. हे काम केक, क्रीम, साखर यांच्यापासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत. पॉलिस्टायरीनच्या कणांवर स्थिर वीज असते, ते हाताला, ॲप्रनला, सगळ्याला चिकटतात आणि फुंकून जात नाहीत. किंचित ओल्या फडक्याने टेबल पुसा, बोर्ड मात्र कोरड्या ब्रशने झाडा.

आता चिकटवणं. इथे दोन धोके आहेत. पहिला म्हणजे सॉल्व्हंटवाले गोंद: बरेचसे स्प्रे गोंद आणि ॲसिटोन असलेलं काहीही पॉलिस्टायरीन विरघळवतं. कागदावर फवारल्यावर वरून काही दिसत नाही, कडेला मात्र फोम आत खचलेला सापडतो. नवा गोंद आधी कापलेल्या कोपऱ्याच्या तुकड्यावर, फोम उघडा असलेल्या बाजूला, लावून बघा. दुसरा धोका पाण्याचा. पांढऱ्या गोंदात पाणी असतं. पाणी प्यायलेला कागद आधी पसरतो आणि वाळताना आकसतो. एकाच बाजूला गोंद लागला तर बोर्ड त्या बाजूला वळतो. वहीला पुठ्ठा बांधणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून ते आतल्या बाजूनेही कागद लावतात, दोन्हीकडची ओढ सारखी व्हावी म्हणून. फोम बोर्डाचे दोन थर समोरासमोर चिकटवताना दोन्ही कागद सारखेच ओले होतात, तेव्हा हा प्रश्न बराचसा सुटतो, पण गोंद पातळ हवा. जुन्या कार्डाच्या तुकड्याने तो संपूर्ण पृष्ठभागावर पसरवा, इतका की खालचा कागद पुसट दिसत राहील. मग सपाट जागेवर ठेवून वर सारखं वजन. आणि रात्रभर तरी, जमलं तर पूर्ण दिवस, हात लावू नका. दोन थरांच्या मध्यभागातलं पाणी बाहेर पडायला वेळ लागतो, कडा सुकल्या म्हणून मधला भाग सुकला असं होत नाही. ग्लू गन मी इथे वापरत नाही. गरम गोंद फोम वितळवू शकतो, आणि नाही वितळवला तरी त्याच्या रेघांचे उंचवटे राहतात, थर एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत.

चिकटवलेला बोर्ड वाळला की कडेभोवती कागदी मास्किंग टेपचा एक फेरा द्या. उघडा फोम झाकला जातो, कण गळायचे थांबतात, आणि फॉइल ज्या कडेवरून वळणार आहे ती गुळगुळीत होते. चुण्यांचा निम्मा प्रश्न या टेपनेच मिटतो.

फॉइल लावण्याआधी बोर्डाची परीक्षा घ्या, कारण नंतर थर वाढवता येत नाही. एक लिटर पाण्याची भरलेली बाटली म्हणजे साधारण एक किलो. तुमच्या ६ किलोंच्या केकसाठी आठ बाटल्या बोर्डाच्या मधल्या १० इंचांत दाटीने उभ्या करा. दोन किलो मुद्दाम जास्त. समोरासमोरच्या कडांखाली दोन जाड पुस्तकं ठेवून बोर्ड अधांतरी करा, आणि त्याच्या खालच्या पृष्ठभागाला स्टीलची पट्टी आडवी लावून डोळा तिच्या पातळीवर आणा. बोर्ड झोळला असेल तर पट्टी मध्यभागी टेकेल आणि टोकांना फट दिसेल. कागदाच्या जाडीएवढी फट मी चालवून घेते. मिलिमीटर-दोन मिलिमीटर दिसली तर आणखी एक थर. वजन काढल्यावर वरच्या कागदावर बारीक आडवी सुरकुती राहिली असेल तर तो कागद दाबाखाली मोडला आहे, आणि तो बोर्ड पुन्हा कधीच ताठ होणार नाही. तडा गेलेल्या केकखालचा बोर्डही असाच तिरप्या उजेडात धरून बघा.

झाकायला फॉइल, फाँडंट किंवा चिकट प्लास्टिकचा थर दिलेला कागद, तिन्ही चालतं. तुमच्याकडे फॉइल आहे तर तेच घ्या, फक्त ते खाद्यपदार्थांसाठी बनवलेलं असू द्या. भेटवस्तू गुंडाळायचा चकचकीत कागद तसा नसतो, त्याची शाई आणि चमक लोणी लागलं की सुटू शकते. क्राफ्टच्या कामाचा फोम बोर्डही अन्नाला लागावा म्हणून बनवलेला नसतो. म्हणून फॉइल असलं तरी केक त्यावर थेट ठेवू नका. केकच्याच मापाचं, अन्नासाठीचं पातळ कार्ड केकखाली असू द्या, आणि ते कार्ड मोठ्या बोर्डावर रॉयल आयसिंगने (वाळल्यावर कडक होणाऱ्या साखरेच्या आयसिंगने) किंवा वितळलेल्या चॉकलेटने चिकटवा. कापताना सुरी फॉइल फाडते, तेव्हाही हे कार्डच मधे उभं राहतं.

१४ इंची, तीन थरांच्या बोर्डाला फॉइलचा १८ ते १९ इंची गोल पुरतो. फॉइलची उलटी बाजू वर करून त्यावर बोर्ड मधोमध उपडा ठेवा. त्याआधी बोर्डाच्या वरच्या पृष्ठभागावर, मध्यभागी, डबल साइड टेपचा मोठा फुलीसारखा तुकडा लावा. हे फारसं कुणी सांगत नाही, पण केक चिकटतो फॉइलला आणि फॉइल धरलेलं असतं फक्त खालच्या कडेला. गाडीत धक्का बसला की केक फॉइलसकट सरकतो. मधली फुली ते थांबवते.

आता कडेला काप द्या, साधारण इंच-इंचाच्या अंतराने. काप बोर्डाच्या कडेपर्यंत न्यायचे नाहीत. बोर्डाची जाडी आणि वर अर्धा सेंटिमीटर एवढं फॉइल अखंड राहू द्या, नाहीतर कापाची टोकं बाजूवर उघडी दिसतात. गोलाचा परीघ आत वळवताना फॉइल जास्तीचं होतं, चुणी म्हणजे तेच जास्तीचं फॉइल. कापांमुळे ते एकमेकांवर चढतं आणि चढतं ते खालच्या बाजूला. दुमडताना ओळीने जाऊ नका. घड्याळातल्या १२ वर एक पाकळी ताणून टेपने चिकटवा, मग ६ वर, मग ३, मग ९, आणि नंतर मधल्या. ओळीने गेलात तर सगळा ढिलेपणा शेवटच्या पाकळीपाशी गोळा होतो. ताणताना बोटाच्या पेराने कड दाबत जा, नखाने नाही.

खालची बाजू उघडी सोडू नका. बोर्डापेक्षा अर्धा इंच लहान व्यासाचा फॉइलचा किंवा प्लास्टिक कागदाचा गोल तिथे चिकटवा. फ्रिजमधून बाहेर काढलेल्या बोर्डावर हवेतली वाफ पाणी होऊन जमते, आणि खालचा कागद उघडा असेल तर ती तोच पितो. वरून सगळं नीट दिसत असताना बोर्ड तासाभरात मऊ पडतो तो असा. बोर्डाखाली मधल्या भागात, कडेपासून दोन इंच आत, तीन-चार छोटे पाय चिकटवा म्हणजे ओल्या टेबलापासून तो वर राहील आणि उचलताना बोटं खाली जातील.

फाँडंटने बोर्ड झाकायचा असेल तर आधी फॉइल, मगच फाँडंट. कोऱ्या कागदावर पाणी लावून फाँडंट बसवला की वर सांगितलेली एका बाजूची ओल हमखास येते. ३ मिलिमीटर जाडीचा लाटा, फॉइलवर ओल नावापुरतीच लावा, आणि दोन दिवस आधी करून ठेवा. रिबनीचं सोपं आहे: बोर्डाच्या जाडीपेक्षा किंचित रुंद नको, किंचित अरुंद घ्या. १४ इंचाचा घेर ४४ इंच, जोडासाठी दीड-दोन इंच जास्त, आणि जोड केकच्या मागच्या बाजूला.

उचलताना दोन्ही तळहात समोरासमोर, केकच्या कडेच्या आतपर्यंत बोर्डाखाली सरकवा, नुसत्या कडा चिमटीत धरू नका. दोन मजल्यांपर्यंत असा बोर्ड मी निर्धास्तपणे देते. तीन मजले असतील, किंवा मजले सरकू नयेत म्हणून मधून आरपार दांडी लागणार असेल, तर फोम विसरा. दांडीचं टोक फोममध्ये हलत-हलत भोक मोठं करतं आणि वरचं सगळं वजन त्या भोकावर डोलतं. तिथे खाली प्लायवूड घ्या आणि दांडी खालून स्क्रूने पक्की करा. झाकायची पद्धत तीच, फॉइलला मात्र आणखी थोडा वाव ठेवा.